वाचकांचे प्रश्न : शोएन यांचं रेशीम आणि सरस

मागच्या अंकात जपानी चित्रकर्ती उएमुरा शोएन (१८७५–१९४९) यांची ओळख आली होती. त्यावर नाशिकहून आलेल्या पत्रांतले तीन प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : ‘ज्वाला’ या चित्रातल्या बाईचे डोळे ओलसर चमकतात. पांढऱ्या रंगात काही मिसळलं आहे का? (गंगापूर रोड)

मिसळलेलं नाही, मागून लावलेलं आहे. हे चित्र १९१८ सालचं, रेशमावरचं, सुमारे १९० सेंमी उंच. बाई म्हणजे ‘गेन्जीची कथा’ या जुन्या जपानी कादंबरीतली रोकुजो. मत्सरानं तिचा जीव जिवंतपणीच अंगाबाहेर भटकतो. केसांची बट दातांत धरून ती मागे वळली आहे आणि किमोनोवर कोळ्याचं जाळं आहे. नोह या जपानच्या पारंपरिक मुखवटा-नाट्यात अशा स्त्रीच्या मुखवट्याला बुबुळाभोवती सोनं लावतात. एका नोह गुरूंनी ते सुचवलं, तेव्हा शोएन यांनी सोन्याची पूड रेशमाच्या उलट्या बाजूनं लावली. पुढून लावली असती तर टिकलीसारखी चकाकली असती. विणीतून दिसल्यामुळं डोळा नुसता पाणावल्यासारखा वाटतो. छापील पुस्तकात हे बहुधा हरवतंच.

प्रश्न : येवल्याचं रेशीम घेऊन असं मागून रंगवता येईल का? आम्ही पांढरा रंग लावून पाहिला, तर दोन दिवसांत पोपडे निघाले. (पंचवटी)

पैठणीचं कापड नको. ते जाड, त्यात जर. न रंगवलेलं, साध्या विणीचं, पलीकडून तळहात दिसेल इतकं पातळ रेशीम मिळालं तर घ्या. लाकडी चौकटीवर ते खळीनं ताणून चिकटवा. मग १ लिटर पाण्यात १५ ग्रॅम सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचा चिकट पदार्थ) विरघळवून, आचेवरून उतरवल्यावर ५ ग्रॅम तुरटी घाला आणि रुंद ब्रशनं कापडावर फिरवून वाळू द्या. हा थर नीट बसला नाही तर रंगाची रेघ कापडावर पसरते. तुरटी जास्त झाली तर कापड कालांतराने ठिसूळ होतं.

पोपड्यांचं कारण बहुतेक सरसातच आहे. रंगासाठी १०० मिलि पाण्याला १० ग्रॅम सरस रात्रभर भिजवा आणि गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा. उकळलात तर त्याची पकड जाते. सुताराचा सरस काळपट असतो, पांढऱ्याला डाग देतो. त्यापेक्षा खाण्याचं साधं जिलेटिन बरं. जपानी पांढरा म्हणजे शिंपल्यांची भुकटी. ती खलात अर्धा तास घोटा, सरस थेंबथेंब घालत कणकेसारखा गोळा करा आणि ताटलीत शंभरेक वेळा आपटा. आपटल्यानं सरस कणाकणापर्यंत जातो. मग कोमट पाण्यात बोटानं थोडाथोडा उतरवून दुधाइतका पातळ करा. पातळ हात चार द्यावेत, जाड एक कधीच नाही. वाळल्यावर बोटाला पूड लागली तर सरस कमी. तडकून पोपडा उठला तर सरस जास्त किंवा थर जाड.

हवामानही पाहा. मे महिन्यात वितळवलेला सरस दिवसभरात वास मारतो, म्हणून रोज ताजा करा, उरलेला फ्रिजमध्ये ठेवा. डिसेंबरात निफाडचा पारा उतरला की वाटीतच त्याची जेली होते; वाटी कोमट पाण्यात ठेवून काम करा. आणि निळ्यासाठी मोरचूद वापरू नका! जपानी निळा अझुराइट नावाच्या दगडाचा, पाण्यात न विरघळणारा. मोरचूद विरघळतं, शिवाय विषारी आहे.

प्रश्न : शोएन हे खरं नाव का? घरून पाठिंबा होता का? (नाशिक रोड)

खरं नाव त्सुने. गुरू सुझुकी शोनेन यांच्या नावातला ‘शो’, म्हणजे पाइन वृक्ष, त्यांना मिळाला. वडील जन्माआधीच गेलेले. आईनं क्योतोत चहापत्तीचं दुकान चालवून दोन मुली वाढवल्या आणि चित्रकलेला कधी आडकाठी केली नाही. १८९० साली, पंधराव्या वर्षी, त्यांचं प्रदर्शनातलं चित्र ब्रिटनचे राजपुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांनी विकत घेतलं. हे तेच राजपुत्र, जे त्याआधी मुंबई फौजेचे सरसेनापती होते. १९३४ साली आई गेली. त्याच वर्षीचं ‘माय-लेक’ हे चित्र. १९४८ मध्ये जपानचा संस्कृती सन्मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला. मूळ चित्र इथं पाहायला मिळणं अवघड. पण त्यांचं ‘जो नो माइ’ हे चित्र १९६५ च्या जपानी टपाल तिकिटावर आहे, तिकिटं जमवणाऱ्यांकडे चौकशी करा.