बोका कुंथत असेल तर ते बद्धकोष्ठ समजू नका

मंगरूळपीरजवळच्या आपल्या घरातील तीन वर्षांचा बोका कालपासून जेवलेला नाही, राखेच्या टोपल्यात पुन्हा पुन्हा बसून कुंथतो आणि मागचा भाग सारखा चाटतो, असे आपण लिहिले आहे. पोट साफ होत नसावे असे समजून आज एरंडेल पाजावे आणि अंग गरम वाटते म्हणून पॅरासिटामॉलची पाव गोळी द्यावी काय, असा आपला प्रश्न आहे. दोन्ही देऊ नका, आणि उद्याची वाटही पाहू नका.

आपण वर्णन केलेली लक्षणे बहुतेक वेळा लघवी तुंबल्याची असतात. नर मांजराची मूत्रनलिका टोकाकडे फार अरुंद असते. तिच्यात बारीक खडे, स्फटिक किंवा चिकट स्राव अडकला की लघवीची वाट बंद होते. मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्तातील पोटॅशियम वाढते आणि हृदयाचे ठोके बिघडून एक-दोन दिवसांतच जनावर दगावू शकते. मादीमध्ये ही अडचण क्वचितच येते, म्हणूनच बोका कुंथतो आहे हे ऐकले की माझ्या मनात आधी हीच शंका येते. माझ्या पहिल्या बोक्याला मीही एरंडेलच पाजले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी तो कडब्याच्या गंजीमागे मेलेला सापडला.

मागच्या पायांच्या पुढे पोटाला हलक्या हाताने स्पर्श केल्यास लहान संत्र्याएवढा टणक गोळा लागू शकतो. तो दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न मात्र करू नये, कारण मूत्राशय फुटण्याची भीती असते. गोळा हाताला लागला नाही तरी दवाखाना टाळू नका.

पॅरासिटामॉलबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे घरोघरी ती गोळी असते आणि लहान मुलाला चालते ती मांजराला का चालू नये, असे सहज वाटते. मांजराच्या यकृताला हे औषध निकामी करून बाहेर टाकता येत नाही. त्यामुळे रक्तातील हिमोग्लोबिन बिघडते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड व पंजे सुजतात आणि श्वास लागतो. पाव गोळीही घातक ठरू शकते. (गुरांच्या गोचिडांवरचे सायपरमेथ्रिनसारखे औषधही मांजराला लावू नये; तो विषय वेगळा, पण चूक त्याच जातीची.)

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाण्याआधी फोन करावा आणि "बोक्याची लघवी तुंबली आहे, कॅथेटर टाकता येईल काय?" असे स्पष्ट विचारावे. आपल्या भागातील डॉक्टरांचा दिवस गाई-बैल आणि शेळ्यांमध्ये जातो, त्यामुळे मांजरासाठी लागणारी बारीक नळी तेथे असेलच असे नाही, आणि यात त्यांचा दोष नाही. नळी नसल्यास सुईने मूत्राशय रिकामे करून थोडा वेळ मिळवता येतो, पण ते काम डॉक्टरांनीच करायचे आहे. पुढील उपचारासाठी आपल्याला नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापेक्षा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था जवळ पडेल. नेताना बोक्याला पोत्यात बांधू नका. झाकण बांधलेली हवेशीर टोपली पुरते. शेवटची लघवी केव्हा झाली, हे डॉक्टरांना नक्की सांगा.

वाट मोकळी झाल्यावरही पहिले काही दिवस पुन्हा तुंबण्याचा धोका राहतो. दूध-पोळीवर मांजराचे भागत नाही, त्याला मांसाहार लागतो. शिजवलेल्या कोंबडीत भरपूर पाणी मिसळून द्या, आणि डॉक्टरांनी विशेष आहार सांगितला तर तोच द्या. निदान आठवडाभर त्याला बाहेर सोडू नका. तो शेतात गेला तर लघवी झाली की नाही हे आपल्याला कळणार नाही. घरात असला तर टोपल्यातील राखेचे ओले गोळे रोज सकाळ-संध्याकाळ मोजता येतात, आणि अर्ध्या दिवसात एकही गोळा दिसला नाही तर त्याच वेळी पुन्हा डॉक्टरांना फोन करता येतो.