दोनदा अलाइनमेंट करूनही गाडी डावीकडेच ओढते

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक ४२ हजार किलोमीटर चालली आहे. पावसाळा संपल्यापासून ती सरळ रस्त्यावर डावीकडे ओढते. दोनदा व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केलं, फरक पडला नाही. आता गॅरेजवाले स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारा भाग) बदलायला सांगतात. बदलू का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : रॅक एवढ्यात बदलू नका. अशा तक्रारीत दोष रॅकचा क्वचितच निघतो, आणि खर्च मात्र मोठा होतो. आधी फुकटात होणाऱ्या तपासण्या उरका.

पाणी वाहून जावं म्हणून आपले रस्ते मधून कडेला उतरते केलेले असतात, मीटरला साधारण दोन सेंटिमीटर. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे निरोगी गाडीही हळूहळू डावीकडे सरकते. मोकळ्या, सपाट जागी किंवा रिकाम्या रस्त्याच्या अगदी मध्यावर ४०-५०च्या वेगाने पाहा. पकड फक्त सैल करायची, हात स्टिअरिंगवरून काढायचे नाहीत. तिथेही ओढत असेल तर पुढे जा.

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. टायर तापला की आकडा तीन-चार पीएसआय वर दाखवतो. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर ३३ असेल तर पुढच्या दोन्ही चाकांत ३३च हवी. डाव्या टायरमध्ये पाच-सहा पीएसआय कमी असली तर गाडी डावीकडेच जाणार. बारीक पंक्चर असलं तर हवा आठवड्यात पुन्हा उतरते, म्हणून चार-पाच दिवसांनी परत मोजा.

मग पुढचे दोन टायर आपसात बदला. टायरच्या आतली पट्ट्यांची बांधणी किंचित तिरकी बसली असेल तर तो टायर शंकूसारखा एका बाजूला घरंगळू पाहतो, आणि हे बाहेरून दिसत नाही. जॅक एकच असेल तर डावीकडे आधी स्टेपनी लावा, डावा टायर उजवीकडे न्या आणि उजवा आणून स्टेपनीच्या जागी बसवा. ओढ उजवीकडे गेली किंवा नाहीशी झाली तर दोष टायरचा. तशीच राहिली तर टायर निर्दोष. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही अदलाबदल करू नका. त्याच बाजूचे पुढचे-मागचे टायर बदलून पाहा.

आता ब्रेक. आठ-दहा किलोमीटर फिरून, शक्यतो ब्रेक न दाबता, गाडी हळूच थांबवा. रिमजवळ तळहात धरा, डिस्कला (ब्रेकच्या तबकडीला) मात्र हात लावू नका. डावं चाक उजव्यापेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही. सपाट जागी मागच्या चाकांना दगड लावून, गिअर न्यूट्रलला ठेवून ते चाक उचला आणि हाताने फिरवा. पॅडची हलकी खरखर चालते, पण चाक जोर लावूनही फिरत नसेल तर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकलं आहे. बहुतेक वेळा पावसात रबरी टोपी फाटून स्लाइड पिनवर (कॅलिपर ज्यावर सरकतं त्या पिनवर) गंज चढलेला असतो. मेकॅनिककडून ब्लीड निपल (कॅलिपरमधलं ब्रेक ऑइल बाहेर काढायची तोटी) जरा सैल करून घ्या. ऑइल उसळून चाक सुटलं तर ब्रेकचा रबरी पाइप आतून फुगला आहे. नाही सुटलं तर पिन किंवा पिस्टन जाम आहे. पिनला ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं.

हे सगळं ठीक निघालं तर मला खरा संशय डाव्या लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचा येतो. पावसाळ्यात खड्डे कडेलाच जास्त पडतात आणि डावं चाक त्यांत आपटतं. आर्म वाकला किंवा त्याचं मागचं बुश (सांध्यातलं रबर) फाटलं की चाक किंचित मागे सरकतं. बाजूने पाहिलं तर स्टिअरिंगचा आस वरच्या टोकाला मागे झुकलेला असतो. हा झुकाव म्हणजे कॅस्टर. चाक मागे गेलं की तो कमी होतो, आणि ज्या बाजूचा कॅस्टर कमी, गाडी त्या बाजूला जाते. दोन बाजूंत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक पडला की तो हाताला जाणवू लागतो.

अलाइनमेंटने फरक का पडला नाही, तेही इथेच कळतं. बहुतेक हॅचबॅकमध्ये पुढे फक्त टो, म्हणजे वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन जुळवता येतो. कॅस्टर आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) जुळवायला सोयच नसते. ते आकडे बिघडले म्हणजे काहीतरी वाकलं, झिजलं किंवा सरकलं आहे. तेव्हा अलाइनमेंटचा छापील कागद मागा आणि कॅस्टरची ओळ पाहा. तो मोजायला चाकं दोन्हीकडे वळवावी लागतात, आणि घाईत हे टाळलं जातं. ओळ रिकामी असेल तर समोर उभं राहून मोजून घ्या. आर्म किंवा बुश बदलल्यावर अलाइनमेंट पुन्हा करावंच लागेल.

प्रश्न : गाडी एरवी सरळ जाते, पण ब्रेक दाबला की उजवीकडे खेचते. उजवा ब्रेक बिघडला का? – एक वाचक, जालना

उत्तर : आधी डावा पाहा. गाडी जास्त धरणाऱ्या ब्रेककडे वळते, म्हणजे डावा कमी धरत असण्याची शक्यता मोठी. डाव्या कॅलिपरची पिन अडकली आहे का, ड्राइव्हशाफ्टचं (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचं) रबरी बूट फाटून पॅडवर ग्रीस उडालं आहे का, हे तपासून घ्या. ग्रीस लागलेले पॅड धुऊन वापरू नका. दोन्ही बाजूंचे एकत्र बदला. ब्रेक सारखे धरत असतील तर उजव्या लोअर आर्मचं बुश पाहा. हा दोष दुरुस्त होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.

प्रश्न : गाडी सरळ धावते, पण स्टिअरिंग तिरकं राहतं. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : टो जुळवताना टाय रॉड (रॅकपासून चाकापर्यंत जाणारा दांडा) एकाच बाजूने फिरवला गेला असावा. स्टिअरिंग सरळ धरून, क्लॅम्पने जखडून, दोन्ही टाय रॉड फिरवून पुन्हा जुळवायला सांगा. काही गाड्यांत त्यानंतर स्टिअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणावा लागतो.