ट्रक, सायकल आणि डावं वळण : तुमचे प्रश्न

प्रश्न : लंडनमध्ये रोज सायकलने ऑफिसला जातो. सिग्नलला शेजारचा ट्रक मोठ्यांदा सांगतो की गाडी डावीकडे वळतेय. म्हणजे ड्रायव्हरने मला बघितलंय ना?

नाही हो! तो आवाज इंडिकेटरला जोडलेला असतो, डावा इंडिकेटर दिला की बोलायला लागतो, शेजारी तुम्ही असा नाहीतर नुसता खांब. आणि लांब ट्रक वळायच्या आधी जरा उजवीकडे जातो, कारण मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून कापत येतात, आपल्याला वाटतं वा, जागा झाली, आणि आपण नेमके तिथेच शिरतो. तिथले पोलीस सायकलवाल्यांना ट्रकच्या केबिनमध्ये बसवून हे दाखवतात, संधी मिळाली तर बसाच. तोवर ट्रकच्या मागे थांबा.

प्रश्न : तिथे ट्रकना स्टार देतात म्हणे, ते काय प्रकरण?

आरसे, कॅमेरे सोडून ड्रायव्हरला नुसत्या काचेतून किती दिसतं त्याचे मार्क, शून्य ते पाच. १२ टनांवरच्या ट्रकला लंडनसाठी परमिट लागतं, २८ ऑक्टोबर २०२४ पासून त्याला किमान तीन स्टार हवेत, नसतील तर सेन्सर-कॅमेऱ्यांचा नवा सेट बसवायचा. मला विचाराल तर आधी काच. लीड्स विद्यापीठाच्या प्रयोगात काचेपेक्षा आरशात-स्क्रीनवर बघणाऱ्यांची प्रतिक्रिया ०.७ सेकंद उशिरा आली, ताशी २४ किमी वेग असला तर तेवढ्यात ट्रक जवळपास ४.७ मीटर पुढे गेलेला असतो.

प्रश्न : पुण्यात माझे दोन टिपर आहेत. ऑनलाइन स्वस्तात सेन्सर मिळतायत, लावू का?

लावाल, आणि आठवड्यात ड्रायव्हर वायर उपटेल. साधा सेन्सर रेलिंग, उभी रिक्षा, बाजूची स्कूटर सगळ्यालाच बोंबलतो, आपल्या ट्रॅफिकमध्ये तर तो गप्पच बसणार नाही. लंडनलाही आधी हाच ताप झाला, म्हणून आता तिथे रेलिंग आणि सायकल यातला फरक कळणारा सेन्सरच चालतो. तुम्ही आधी केबिनमध्ये बसून डावीकडे बघा. काचेच्या खालच्या कोपऱ्यात झालर, स्टिकर, नारळ, वर लोंबणारी लाल चुनरी! देव मधे ठेवा, कोपरा मोकळा करा. डाव्या दाराजवळची जमीन दाखवणारा गोल आरसा बसवा. आणि चाकांमधला साइड गार्ड, जो एकदा वाकला की गॅरेजवाला काढून ठेवतो आणि मग कोणालाच आठवत नाही, तो परत लावून घ्या, माणूस मागच्या चाकाखाली जाऊ नये म्हणूनच असतो तो.

प्रश्न : आम्ही जर्मनीत असतो, इथे तर उजवं वळण धोक्याचं ना?

हो, आरशातलं चित्र उलटं. पण तुमच्याकडे २०२० पासून एक फुकटातला उपाय आहे, गावात सायकलवाले किंवा पादचारी असू शकतील तिथे साडेतीन टनांवरच्या गाडीने उजवीकडे वळताना चालण्याच्या वेगाने जायचं, म्हणजे ताशी ७ ते ११ किमी. ना सेन्सर, ना वायर.