पानावर पिवळे डाग, भुरी की डाऊनी?

प्रश्न: दादा, निफाडला द्राक्षबाग आहे, ऑक्टोबर छाटणीला 25 दिवस झालेत, परवाच्या पावसानंतर पानांवर पिवळट डाग आलेत. शेजारचे म्हणतात भुरी आहे, गंधक मार. मारू का?

उत्तर: थांबा भाऊ, भुरी अन् डाऊनी हे द्राक्षाचे दोन वेगळे रोग, गंधकानं डाऊनी जात नाही, आणि पावसानंतरचे तेलकट डाग म्हणजे बहुतेक डाऊनीच, आपला केवडा. एक पान ओल्या पेपरात गुंडाळून पिशवीत रात्रभर ठेवा, सकाळी उलटं करून बघा, डागाखाली पांढरी लव दिसली की पक्कं. भुरी कशी राखेसारखी, बोटानं पुसली जाते. डागाळलेली पानं बागेबाहेर न्या, फुटींची गर्दी काढा म्हणजे दव लवकर सुकेल, आणि फवारा पानाच्या खालून बसतोय ना बघा, बरेच जण वरवर मारतात अन् औषधाला शिव्या घालतात. तेच आंतरप्रवाही (झाडाच्या आत भिनणारं) औषध लागोपाठ मात्र नको, रोगाला सवय होते.