'कृपया' लिहिण्याआधी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

'तुझ्या पत्रांत कृपया नसते, भाषा उद्धट वाटते' असे वरिष्ठांनी सुनावल्यापासून तू तो शब्द प्रत्येक ओळीच्या आरंभी लावतोस, हे तू पाठवलेल्या मसुद्यांवरून दिसले. एका ठिकाणी तर 'कृपया करून' आहे. 'कृपया' हे 'कृपा' या शब्दाचे संस्कृतातले तृतीयेचे रूप, म्हणजे 'कृपेने'. त्यापुढे 'करून' कशाला? पण ते किरकोळ. मराठीत सौजन्य क्रियापदात राहते, म्हणून आधी क्रियापद पाहा.

दे, द्या, द्यावे, द्याल का: या पायऱ्या आपण घरातच शिकतो. 'जरा पाणी देता का', 'तेवढे दार लावा' असे म्हणणाऱ्याला कोणी उद्धट म्हणत नाही. उलट जेवताना कोणी 'कृपया मीठ दे' म्हणाले, तर घरात काही बिनसले आहे हे पाहुण्यालाही कळते. जुन्या पत्रांत 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असा आरंभ आणि 'लोभ असावा' असा शेवट असे. त्यातले आर्जव 'असावा' या रूपात आहे. याउलट 'कृपया दोन दिवसांत खुलासा सादर करावा, अन्यथा कारवाई करण्यात येईल' ही नोटीस वाच. तू म्हणशील, 'करावा' हेही तेच रूप. खरे आहे, परंतु 'अन्यथा' आल्याबरोबर त्याचा हुकूम झाला, आणि आरंभीच्या 'कृपया'ला तो सौम्य करता आला नाही. ज्या वाक्याला 'नाही' असे उत्तर देता येत नाही, ती विनंती नव्हे.

नोकरीत असताना मी हा शब्द टिप्पण्यांतून खोडत असे, म्हणून मला तिरसट म्हणत. म्हणोत. मी शिपायाला 'एवढी फाइल पोचवता का' असे विचारत असे, आणि कागदावर कृपयाची रांग लावणारे त्याच माणसाला 'ए' म्हणून हाक मारत. हे त्यांना तोंडावर ऐकवले नाही, याची रुखरुख आजही आहे.

'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' अशा, अनोळखी समुदायाला उद्देशून केलेल्या सूचनेत तो शब्द शोभतो. तुझे पत्र मात्र एका माणसाला आहे. 'कृपया अहवाल त्वरित पाठवा' याऐवजी 'गुरुवारपर्यंत अहवाल पाठवाल का? अडचण असल्यास कळवावे' असे लिही. आणि 'पाठवू शकाल का' नको. त्याच्या कुवतीची चौकशी तुला करायची नाही. पुन्हा सांगतो, क्रियापद पाहा. वरिष्ठांनी हट्टच धरला तर एकदा कृपया घाल, पण 'पाठवाल का' त्यांना खोडू देऊ नकोस.