राज्यघटना वाचायला घेताना
कुठल्याही देशाची राज्यघटना पहिल्या पानापासून वाचत सुटू नका. आधी दुरुस्तीचं कलम काढा. घटना किती लवचीक आहे ते तिथेच कळतं. अमेरिकेत दुरुस्तीच्या मंजुरीला तीन-चतुर्थांश राज्यं लागतात. जर्मनीचं कलम ७९(३) मानवी प्रतिष्ठेच्या, लोकशाहीच्या तत्त्वांना हातच लावू देत नाही. भारतात ‘मूलभूत चौकटी’ची मर्यादा (घटनेचा गाभा दुरुस्ती करूनही बदलता येत नाही) कलम ३६८ मध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या कलमात शोधाल तर सापडणार नाही, ती सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या केशवानंद भारती निकालातून आली. तेव्हा मजकुरासोबत महत्त्वाचे निकालही हवेतच.

मग हक्क. भारताच्या घटनेत कलम १९(१) मधली स्वातंत्र्यं वाचून थांबू नका, लगेच १९(२) ते (६) मधले निर्बंध वाचा. नवखे नेमके तेच गाळतात आणि हक्क अमर्याद समजतात.

संसद, मंत्रिमंडळ, न्यायालय यांच्यासाठी कोण कोणाला नेमतं आणि पदावरून कसं काढतं, एवढा तक्ता पुरे.