मेक्सिकन आणि पोर्तोरिकन चाहते बॉक्सिंगमध्ये एकमेकांना एवढे पाण्यात का पाहतात?

तुम्ही विचारलंय की दोघांची भाषा एक, धर्म एक, अमेरिकेत दोघांच्याही वाट्याला उपरेपणाच येतो, तरी रिंग समोर आली की हे असे का वागतात, आणि हा वंशवादच नाही का. मी सात वर्षं शिकागोत राहिलो. तिथे दोन्ही समाज मोठे आहेत. डिव्हिजन स्ट्रीटवर रस्त्याच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत पोलादाचे दोन अवाढव्य पोर्तोरिकन झेंडे उभे आहेत, आणि शहराच्या दक्षिणेला सव्विसाव्या रस्त्यावर पूर्ण मेक्सिको वसलाय. त्यामुळे हे वैर मी अगदी जवळून पाहिलंय.

आधी एक लक्षात घ्या. कॅरिबियन समुद्रातला पोर्तो रिको हा स्वतंत्र देश नाही. १८९८ पासून तो अमेरिकेच्या ताब्यात आहे आणि १९१७ पासून तिथले लोक अमेरिकेचे नागरिक आहेत, पण बेटावर राहणाऱ्याला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. संयुक्त राष्ट्रसंघात त्यांची खुर्ची नाही. मात्र खेळात त्यांचा झेंडा वेगळा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते पहिल्यांदा आपल्या नावाने उतरले आणि पहिलंच पदक मिळालं ते बॉक्सिंगमध्ये, हुआन एव्हांजेलिस्ता व्हेनेगासचं कांस्य. म्हणजे ज्या मोजक्या जागी जग त्यांना देश म्हणून ओळखतं, त्यातली एक बॉक्सिंगची रिंग. तिथे हरणं त्यांना किती लागत असेल, ते यावरून समजेल.

मग समोर मेक्सिकोच का? साधं कारण असं की दोन्हीकडचे बरेचसे उत्तम बॉक्सर हलक्या आणि मधल्या वजनगटांतले, त्यामुळे त्यांची गाठ पडतच राहते. १९७८ मध्ये पोर्तो रिकोच्या विल्फ्रेडो गोमेझने सान हुआनमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, तोवर एकही लढत न हरलेल्या मेक्सिकोच्या कार्लोस झारातेला पाचव्या फेरीत संपवलं. तीन वर्षांनी, २१ ऑगस्ट १९८१ ला, हाच गोमेझ लास वेगासमध्ये मेक्सिकोच्या साल्वादोर सांचेझसमोर उभा राहिला. तोपर्यंत ३३ लढतींपैकी ३२ त्याने नॉकआउटने जिंकल्या होत्या, एक बरोबरीत. सांचेझने त्याला पहिल्याच फेरीत खाली पाडलं आणि आठव्या फेरीत लढत थांबवावी लागली. सांचेझ पुढच्याच वर्षी मोटार अपघातात गेला, अवघ्या २३ व्या वर्षी. मेक्सिकन माणसं त्या लढतीबद्दल आजही बोलताना आवाज खाली आणतात. पुढे मेक्सिकोचा चावेझ आणि पोर्तो रिकोचा कमाचो, पोर्तो रिकोचा त्रिनिदाद आणि मेक्सिकन वंशाचा दे ला होया अशी साखळी चालूच राहिली. लढती भरवणाऱ्या प्रवर्तकांनीही ती नीट ओळखली. सप्टेंबरमधल्या मेक्सिकन स्वातंत्र्यदिनाच्या आसपासचा शनिवार मोठ्या लढतीसाठी राखून ठेवायची पद्धत त्यातूनच रुळली.

वंशवाद म्हणाल तर बॉक्सिंगमध्ये तो होऊन गेलाय. १९१० मध्ये जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीयाने रीनो इथे गोऱ्या जेफ्रीजला हरवलं, तेव्हा अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत गोऱ्यांचे जमाव कृष्णवर्णीयांवर धावून गेले, माणसं मारली गेली. तिथे मुद्दा असा होता की समोरच्याने रिंगमध्ये बरोबरीने उभंच राहू नये. मी शिकागोत पाहिलं ते याच्या नेमकं उलट. यांना समोरचा तगडाच हवा असतो.

माझे घरमालक पोर्तोरिकन, साठी उलटलेले. त्यांचा जावई मेक्सिकन. तिथे अशी घरं पुष्कळ आहेत. जुलै २००८ मध्ये पोर्तोरिकन मिगेल कोट्टो आणि मेक्सिकन अंतोनिओ मार्गारितोची लढत होती. टीव्हीवर ती पैसे भरूनच बघता येत होती, म्हणून वर्गणी काढली होती आणि खालच्या दिवाणखान्यात आम्ही पंधरा-वीस जण दाटीवाटीने बसलो होतो. टीव्हीवर छोटा झेंडा लावलेला. पहिल्या सहा फेऱ्या कोट्टो सुंदर खेळला. मग मार्गारितो ठोसे खात खात पुढेच येत राहिला, आणि अकराव्या फेरीत कोट्टोने रक्ताळलेल्या चेहऱ्याने गुडघा टेकला. एकदा, मग पुन्हा. लढत थांबली. खोलीत कोणी बोलेना. जावई जल्लोष करेल असं मला वाटलं होतं. तो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि सासऱ्यांसाठी पाण्याचा ग्लास घेऊन आला. बाहेर लांबवर गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

जानेवारी २००९ मध्ये, शेन मोस्लीविरुद्धच्या लढतीआधी, मार्गारितोच्या हाताच्या पट्ट्यांत प्लास्टरसारखा कडक थर असलेले पॅड सापडले. कॅलिफोर्नियाने त्याचा परवाना रद्द केला. कोट्टोविरुद्धही ते होते, हे कधीच सिद्ध झालं नाही आणि मार्गारितो ते नाकारतच आला. पण बातमी आली त्या आठवड्यात जावई घरी आला, डोक्यावरची टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला आणि सासऱ्यांना म्हणाला, "आमच्याकडून हे व्हायला नको होतं." मला ते "आमच्याकडून" फार लागलं. त्या माणसाचा मार्गारितोशी संबंध काय? तरी लाज त्याला वाटली.

ही निष्ठा आपल्याच माणसावरही उलटते, तेव्हा ती फार कठोर असते. ऑस्कर दे ला होया लॉस एंजेलिसचा, आईवडील मेक्सिकन. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकल्यावर तो दोन्ही देशांचे झेंडे घेऊन रिंगमध्ये फिरला. पण १९९६ मध्ये तो हुलिओ सेझार चावेझसमोर आला, तेव्हा त्याच्याच शहरातल्या कितीतरी मेक्सिकनांनी चावेझची बाजू घेतली. चावेझ कुलियाकानचा, गरिबीतून वर आलेला, ठोसे झेलत पुढे जाणारा. दे ला होया देखणा, सफाईदार, अमेरिकेचा लाडका. त्याने चार फेऱ्यांत लढत जिंकली, तरी त्या लोकांच्या मनात तो कितीतरी वर्षं उपराच राहिला. मला हे अन्यायाचं वाटतं. रिंगमध्ये जीव त्यानेही पणाला लावला होता.

डिसेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्कला कोट्टो-मार्गारितो पुन्हा भिडले. मार्गारितोचा उजवा डोळा पूर्ण मिटला आणि दहाव्या फेरीआधी डॉक्टरांनी लढत थांबवली. कोट्टो नाचला नाही. मार्गारितोजवळ जाऊन त्याच्याकडे नुसता बघत राहिला. घरमालक रडत होते. जावई थोड्या वेळाने म्हणाला, "आता आमचा कनेलो मोठा होतोय, तेव्हा बघू." त्यावर सासरे डोळे पुसता पुसता हसले.

तो दिवस आला नोव्हेंबर २०१५ मध्ये. मी तोवर पुण्यात परतलो होतो, तिकडची शनिवार रात्र म्हणजे माझी रविवार सकाळ. कनेलो अल्वारेझने कोट्टोला गुणांवर हरवलं. मी फोन लावला, तो जावयाने उचलला. मागे सासऱ्यांचा चढा आवाज ऐकू येत होता. एका पंचाने ११९-१०९ असे गुण दिले होते, आणि कोट्टोच्या कोणकोणत्या फेऱ्या त्याच्या हिशेबात धरल्याच नाहीत, ते म्हातारबाबा फेरीगणिक मोजून दाखवत होते.